तुमची तक्रार बंद करण्यात आली आहे

घरी बसून डीटीपी करणाऱ्या बाईला प्रिंटर कशाला लागतो, असं हल्ली मला पुष्कळ जण विचारतात. सगळं पीडीएफवर पाठवता येतं की. येतं, पण दिवाळी अंकाचं काम हातात घेतलं की तेवढ्यावर भागत नाही. आमच्या सांगली-मिरजेकडच्या काही अंकांची जुळणी वर्षानुवर्षं माझ्याकडे आहे. शिवाय संस्थांच्या स्मरणिका, गौरवग्रंथ, एखाद्या निवृत्त मुख्याध्यापकांचं आत्मचरित्र. यातले बरेच लेखक सत्तरी ओलांडलेले. फुलस्केपवर एका बाजूला, समास सोडून, सुवाच्य अक्षरात लिहितात, एसटीच्या पार्सलने पाठवतात आणि प्रूफं कागदावरच मागतात. मला त्यात काही गैर वाटत नाही. स्क्रीनवर ऱ्हस्व-दीर्घ डोळ्यांखालून निसटतं, कागद आणि लाल पेन समोर असलं की सापडतं. व्यंगचित्रंही बरीचशी अजून कागदावरच येतात आणि स्कॅन करावी लागतात. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक निघाला, तेव्हापासून या धंद्यातलं सगळं बदललं असेल, घाई तेवढी तशीच आहे. श्रावणात मजकूर, भाद्रपदात प्रूफं, नवरात्राच्या सुमाराला अंक छपाईला. दिलेली तारीख चुकली की छापखाना दुसऱ्याचं काम मशीनवर चढवतो आणि मग आपण रांगेच्या शेवटी.

अशा दिवसांत प्रिंटर बंद पडतो. बंद पडला याबद्दल माझं काही म्हणणं नाही. शिलाई मशीन बंद पडतं, मिक्सर बंद पडतो. मदत मागायला गेल्यावर जे सुरू होतं, त्याबद्दल मात्र आहे.

आमच्याकडे इंटरनेटचं फायबर कनेक्शन आलं. बसवायला आलेल्या मुलाने जुना राउटर काढला, नवा लावला, मोबाइलवर स्पीड दाखवला, सही घेतली आणि गेला. संध्याकाळी प्रूफं काढायला बसले तर प्रिंटर ‘ऑफलाइन’. शेजारीच बसलाय, दिवा हिरवा आहे, ट्रेमध्ये कागद आहे, टाक्यांमध्ये शाई आहे, आणि कॉम्प्युटर म्हणतोय तो इथे नाहीच.

वॉरंटी चालू होती म्हणून कंपनीच्या टोल-फ्री नंबरला फोन लावला. मराठीसाठी अमुक आकडा दाबा, असं एक बाई छान मराठीत सांगते. तो दाबला. पुढे आलेला मुलगा हिंदीत. त्याचा दोष नाही, बिचारा कुठल्या शहरात बसून बोलत असेल कुणास ठाऊक. पण मग तो आकडा विचारता तरी कशाला? त्याने आधी सिरियल नंबर मागितला. तो असतो यंत्राच्या मागच्या बाजूला, खाली, तांदळाच्या दाण्याएवढ्या अक्षरांत. इंक टँकचा प्रिंटर तिरपा करायचा नसतो, शाई सांडते; तसं त्याच कंपनीच्या माहितीपुस्तकात लिहिलेलं आहे. म्हणून भिंतीपासून टेबल ओढलं, मागे जाऊन गुडघ्यावर बसले, मोबाइल स्पीकरवर ठेवला आणि त्याच मोबाइलचा टॉर्च लावला. सासूबाई त्यांचं पोथीचं भिंग घेऊन आल्या. तरी ते अक्षर बी आहे की आठ, हे आम्हा दोघींना ठरवता येईना. “बी फॉर बॉम्बे, मॅडम?” तो विचारत होता. आम्ही आठ सांगितलं. त्याच्याकडे तसा प्रिंटरच निघेना. मग बी सांगितलं. निघाला.

पुढे प्रिंटर चालू आहे का, लाल दिवा आहे का, बंद करून परत चालू करा. मी म्हटलं, “दादा, राउटर बदललाय, तेव्हापासून हे झालंय.” पलीकडे थोडा वेळ काही आवाज नाही. मग, “ठीक आहे मॅडम, प्रिंटर बंद करून परत चालू करा.” मी जे सांगत होते ते त्याच्या समोरच्या कागदात नव्हतं आणि कागदात नसलेल्या गोष्टीवर बोलायची त्याला मुभा नव्हती, हे मला पुढे कळलं. त्या वेळी नुसती चीड आली.

नंतर त्याने माझा कॉम्प्युटर ताब्यात घेतला. म्हणजे एक सॉफ्टवेअर उतरवून घ्यायला लावलं, त्यातला आकडा मागितला, आणि बाण आपोआप फिरायला लागला. आपल्या टेबलाचे खण दुसरं कुणी उघडत असताना शेजारी उभं राहून बघावं तसं ते वाटतं. त्याने प्रिंटरचा ड्रायव्हर काढून टाकला, नवीन उतरवला आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट करायला सांगितलं. रीस्टार्ट केल्यावर अर्थातच त्याचा माझा संबंध तुटला. परत फोन केला तर दुसरा मुलगा. पुन्हा सिरियल नंबर, पुन्हा लाल दिवा, पुन्हा ड्रायव्हर. येरे माझ्या मागल्या. रात्री मोबाइलवर मेसेज आला: तुमची तक्रार सोडवून बंद करण्यात आली आहे, आमच्या सेवेला किती गुण द्याल?

इंटरनेटवाल्यांनाही फोन करून झाला. “मॅडम, मोबाइलला नेट येतंय ना? मग आमच्याकडून सगळं ओके आहे.” प्रिंटरवाले म्हणणार राउटरचा दोष, राउटरवाले म्हणणार प्रिंटरचा. ही टोलवाटोलवी पाहिली की वाटतं, दोघांना एकदा समोरासमोर बसवावं आणि आपण चहा करायला निघून जावं.

हा प्रश्न सोडवला तो मिरजेच्या एका मेकॅनिकने. माझं बरंच काम ज्या छापखान्यात जातं, त्यांच्या मालकांनी त्याचा नंबर दिला. त्याचं दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. उघडे पडलेले प्रिंटर एकावर एक रचलेले. तो घरी आला आणि कॉम्प्युटरकडे बघितलंही नाही. प्रिंटरवरचं एक बटण दाबून धरलं, त्यातून एक कागद बाहेर आला. प्रिंटर कुठल्या वाय-फायला जोडलेला आहे, त्याचा पत्ता काय, हे सगळं तो प्रिंटर स्वतःच छापून देतो, हे तोवर मला कुणी सांगितलं नव्हतं. “ताई, हा बघा, अजून जुन्या राउटरलाच हाका मारतोय.” घरगुती प्रिंटर बहुतेक २.४ गिगाहर्ट्झचंच वाय-फाय ओळखतात. नवा राउटर २.४ आणि ५ असे दोन्ही पट्टे एकाच नावाने सोडत होता, त्यात प्रिंटर भांबावला होता. त्याने राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन्हींना वेगळी नावं दिली, प्रिंटर २.४ वर घेतला. मग कॉम्प्युटरमध्ये प्रिंटरचा जो जुना पत्ता अडकून बसला होता तो काढून नवा घातला, आणि राउटरला सांगून ठेवलं की या प्रिंटरला कायम हाच पत्ता द्यायचा. चहा निवायच्या आत प्रूफं निघायला लागली. जाताना म्हणाला, “आणि एक यूएसबी केबल घेऊन ठेवा. वाय-फाय रुसलं तर काम अडायला नको.”

इथे एक गोष्ट मध्येच सांगते, कारण माझ्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांच्या खात्यातून यात पैसे गेले आहेत. प्रिंटर बिघडला की माणूस कंपनीचं नाव आणि ‘कस्टमर केअर’ असं टाकून इंटरनेटवर नंबर शोधतो. सापडणाऱ्या नंबरांत भामट्यांचेही नंबर असतात. तेही अगदी तसेच बोलतात, तसाच कॉम्प्युटर ताब्यात घेतात, फक्त शेवटी ‘रजिस्ट्रेशन’चे दहा रुपये भरायला सांगतात आणि तुम्ही भरत असताना पासवर्ड बघतात. अशा दुरून ताबा घेणाऱ्या ॲपबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं. पण कंपन्यांनीच लोकांना अनोळखी माणसाच्या हाती कॉम्प्युटर द्यायची सवय लावली, तर खरा कोण नि खोटा कोण हे साठीच्या माणसाने कसं ओळखायचं? नंबर खोक्यावरचा किंवा माहितीपुस्तकातलाच घ्यावा. फसलाच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करावा; उशीर झाला तर पैसे पुढे सरकतात.

दुसरा प्रसंग वॉरंटी संपल्यानंतरचा, आणि खरा मुद्दा तिथेच आहे.

भाद्रपद चालू होता. एका अंकाच्या कथाविभागाची प्रूफं निम्मी निघाली आणि दोन लाल दिवे आळीपाळीने लुकलुकायला लागले. स्क्रीनवर इंग्रजीत सूचना: प्रिंटरच्या आतल्या शाई शोषणाऱ्या पॅडची मुदत संपली आहे, सर्व्हिस सेंटरशी संपर्क साधा. हे पॅड काय प्रकरण आहे ते थोडं सांगायला हवं. इंकजेटच्या हेडला केसापेक्षाही बारीक भोकं असतात. चार दिवस प्रिंटर वापरला नाही की त्यात शाई सुकते. मग अक्षरांवर पांढऱ्या आडव्या रेघा येतात आणि आपण ‘हेड क्लीनिंग’ करतो. त्या वेळी प्रिंटर शाई जोराने ओढून भोकं मोकळी करतो. ती ओढलेली शाई जाते कुठे? यंत्राच्या तळाशी नमद्यासारखा जाड स्पंज असतो, त्यात. विकत घेतलेल्या शाईतला एक हिस्सा असा कागद न पाहताच स्पंजात जातो. तो भरत आला की बाहेर गळू नये म्हणून प्रिंटर थांबवायचा, इथपर्यंत सगळं रास्त आहे. पण बहुतेक यंत्रं स्पंज ओला किती झालाय हे पाहत नाहीत. आतल्या चिपमध्ये एक काउंटर असतो. किती वेळा सफाई झाली, किती शाई गेली असेल, याचा तो अंदाजाने हिशेब ठेवतो. आकडा भरला की यंत्र बंद. स्पंज बदलला तरी बंदच. तो आकडा शून्यावर आणायचं सॉफ्टवेअर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे असतं, आपल्याकडे नाही.

माझ्या प्रिंटरमध्ये तर छपाईबरोबर स्कॅनिंगही बंद झालं. स्कॅन करायला शाई लागत नाही, स्पंज लागत नाही; नुसती काच आणि दिवा. तरी बंद. शाई संपली की स्कॅनरही अडतो, या तक्रारीवरून अमेरिकेत ग्राहक मोठमोठ्या कंपन्यांविरुद्ध कोर्टात गेलेले आहेत, हे मी नंतर वाचलं.

टोल-फ्री नंबरवरच्या मुलीला दिवे कसे लुकलुकतात ते सांगितलं. पॅड हा शब्द तिने उच्चारला नाही. “मॅडम, युनिट सर्व्हिस सेंटरला न्यावं लागेल.” सर्व्हिस सेंटर कोल्हापुरात. किती दिवस लागतील, ते तिथे गेल्यावर सांगतील. खर्च किती, ते तपासल्यावर सांगतील. तपासण्याचे पैसे मात्र आधीच ठरलेले. टाक्यांमध्ये शाई भरलेली असताना प्रिंटर एसटीतून न्यायचा कसा, हे विचारलं तर, “मॅडम, सरळ धरून न्या.”

मी परत जिन्याखाली फोन केला. मेकॅनिक व्हॉट्सॲपवर दिव्यांचा व्हिडिओ मागतो. तेवढ्यावरून त्याला बिघाड कळतो. येताना स्क्रू-ड्रायव्हर, रबरी हातमोजे आणि रद्दीचा गठ्ठा घेऊन आला. मागचं झाकण काढून स्पंज बाहेर काढला. काळा, जड, कडेला थोडी निळी-जांभळी झाक. निम्म्याहून अधिक कोरडा होता. त्याने तो मला बोटाने दाबून दाखवला. “अजून वर्षभर सहज चालला असता, ताई. पण मीटर पडलं.” त्याने नवा स्पंज घातला आणि लॅपटॉप जोडला. काउंटर शून्य करायची ‘की’ इंटरनेटवर विकत मिळते, एका वेळेला एक, काहीशे रुपयांत. ती टाकली, दिवे शांत झाले. निम्म्यावर थांबलेली कथा पुढे निघाली.

हा मुलगा पूर्वी अशाच एका अधिकृत सेंटरमध्ये नोकरीला होता. तिथलं काय सांगतोस, म्हटल्यावर म्हणाला, “तिथं मशीन दुरुस्त झालं का, हे कुणी विचारत नाही. आज कॉल किती क्लोज केले, ते विचारतात. अवघड कॉल घेतला की आपला आकडा पडतो. मग काय, बोर्ड गेला म्हणून सांगायचं.” मला तो मेसेज आठवला, गुण मागणारा. फोनवरची मुलं आळशी नाहीत, उद्धटही नाहीत. त्यांना वेळेत फोन ठेवायचा असतो आणि कागदाबाहेर जायचं नसतं. प्रिंटर खोलून ज्याने पाहिलाय तो फोनवर नसतो, आणि जो फोनवर असतो त्याने प्रिंटर खोलून पाहिलेला नसतो. ज्याच्याकडे ज्ञान आहे त्याला चोरासारखी विकतची चावी वापरावी लागते. आणि ही व्यवस्था आपोआप झालेली नाही, ती कुणीतरी बसून ठरवलेली आहे, असं माझं मत झालं आहे.

हे दुखणं जुनंही आहे. १९८० च्या सुमाराला अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत एक लेसर प्रिंटर आला. कागद सारखा अडकायचा. तिथला रिचर्ड स्टॉलमन हा प्रोग्रामर म्हणाला, अडकणं मला थांबवता येणार नाही, पण अडकला की सगळ्यांना निरोप जाईल एवढं करून देतो. आधीच्या प्रिंटरला त्याने तसं करून दिलंही होतं. पण नव्याच्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड त्याला मिळेना. ज्याच्याकडे तो होता, त्याने गुप्ततेचं वचन दिलेलं. त्या नकाराने तो जो बिथरला, त्यातूनही पुढे १९८३ मध्ये त्याने जीएनयू प्रकल्प जाहीर केला आणि मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ उभी राहिली. आज जगातले असंख्य सर्व्हर ज्यावर चालतात त्याची एक मुळी अडकलेल्या कागदाशी जाते. त्या माणसाचा संताप मला अगदी जवळचा वाटतो.

स्कॅनरचंही थोडं सांगते. माझ्याकडे एक जुना फ्लॅटबेड स्कॅनर आहे, वजनदार, सीसीडी सेन्सरवाला. नव्या ऑल-इन-वनमध्ये सीआयएस सेन्सर असतो. तो काचेला चिकटलेलाच कागद नीट पाहतो. जुन्या अंकांची बांधीव फाईल त्यावर उपडी ठेवली की शिवणीजवळचा मजकूर उचललेला राहतो आणि प्रत्येक ओळीची शेवटची दोन अक्षरं धूसर, काळपट येतात. सीसीडीवाल्याला काचेच्या थोडं वरचंही स्वच्छ दिसतं. पन्नास वर्षांपूर्वीची कथा पुनर्मुद्रित करायची असेल तर मला तोच लागतो. विंडोज बदलल्यावर त्याचा ड्रायव्हर चालेना. कंपनीचं उत्तर एका वाक्याचं: या मॉडेलचा सपोर्ट संपला आहे, नवीन घ्या. काच निर्मळ, दिवा लख्ख, मोटर गुळगुळीत, आणि यंत्र मेलेलं. ते जिवंत झालं ते व्ह्यूस्कॅन नावाच्या सॉफ्टवेअरने. एड हॅम्रिक नावाच्या अमेरिकन प्रोग्रामरने १९९८ मध्ये ते आणलं आणि कंपन्यांनी वाऱ्यावर सोडलेल्या हजारो मॉडेलांसाठी ते काम करतं. फुकट नाही, पण नव्या स्कॅनरपेक्षा पुष्कळ स्वस्त. ज्या यंत्राचा पत्ता त्याच्या कंपनीला उरला नव्हता, त्याची खबर तिसराच कुणी ठेवून होता.

पॅडच्या प्रकरणानंतर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. काम तर झालेलं होतं. पण स्पंजाच्या हिशेबात पाणी मुरतंय हे कुठेतरी लेखी असावं असं वाटलं. तिथे मराठीत बोलता येतं. पुढे कंपनीकडून एका गृहस्थांचा फोन आला. स्वतःचं नाव सांगून, मराठीत बोलले. इतक्या दिवसांत प्रथमच ज्याला परत फोन करता येईल असा माणूस भेटला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मॅडम, आम्ही तुम्हाला एक्स्चेंजमध्ये नवीन प्रिंटरवर सवलत देऊ शकतो.” चालू प्रिंटर देऊन टाकायचा आणि नवा घ्यायचा. त्यातल्याही स्पंजाचं काय, हे विचारलं. ते बघून सांगतो म्हणाले. तक्रार बंद झाल्याचा मेसेज आला.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फीही नाही. पण दहा-बारा हजारांच्या यंत्रासाठी दिवाळीच्या तोंडावर तारखा कोण घालवणार? कंपन्यांना हे पक्कं ठाऊक असतं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल सुरू केलं, त्यात शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं, गाड्या अशी क्षेत्रं घेतली. सुरुवात म्हणून चांगलं आहे. पण दुरुस्तीचं माहितीपुस्तक आणि काउंटर शून्य करायचं साधन ग्राहकाला द्या, असं बंधन कंपन्यांवर येत नाही, तोवर जिन्याखालच्या माणसालाच शोधत जावं लागणार.

तेव्हा नवा प्रिंटर घ्यायला निघाला असाल तर किमतीच्या आधी दुकानदाराला विचारा, की वाया जाणाऱ्या शाईची पेटी आपल्याला स्वतःला बदलता येते का. काही नव्या मॉडेलांत ती मिळते. चार स्क्रू काढले की झालं. शाई संपल्यावर स्कॅन होतो का, ते दुकानातच करून बघा. सर्व्हिस सेंटर कुठल्या गावात आहे ते खोक्यावर नाही, प्रत्यक्ष फोन लावून विचारा. आणि यंत्र टेबलावर चढवण्याआधी सिरियल नंबरचा फोटो काढून बिलाबरोबर छापून ठेवा, बी आणि आठ नीट दिसतील एवढा मोठा.